माझा सर्वर चालू आहे

"बाबा, ते तुम्हाला नाही जमायचं," असं आमची संस्कृती पुण्याहून व्हिडिओवर म्हणाली. तेही नेमके शेजारचे आश्रुबा आमच्याकडे चहाला बसलेले असताना. एकट्यात म्हणाली असती तर मी सोडून दिलं असतं. पण आश्रुबा एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्तीनंतरही त्यांचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचतो. त्यांनी ऐकलं म्हणजे आष्टीच्या बसस्टँडनं ऐकलं.

विषय साधा होता. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत भूगोल शिकवला. पुस्तकात दक्षिण अमेरिकेतल्या नद्या आहेत, पण आपल्या सीना आणि मेहकरीचा पत्ता नाही, ही माझी जुनी तक्रार. म्हणून ठरवलं की आष्टी तालुक्याच्या भूगोलाची एक वेबसाइट करावी. नद्या, डोंगर, माती, पाऊस आपल्याकडे का येत नाही, सगळं. संस्कृतीचा पोटापाण्याचा धंदाच वेबसाइटी करण्याचा. तिला म्हटलं, मला फक्त सुरुवात कुठून करायची ते सांग. ती म्हणाली, "आधी तुमच्या कॉम्प्युटरवर लोकल सर्वर बसवावा लागतो. मी घरी आले की करून देते." आणि मग ते वाक्य.

लोकल सर्वर म्हणजे काय, ते आत्ताच सांगून टाकतो. वेबसाइट जगापुढे मांडण्याआधी घरच्या घरी चालवून बघायची असते. त्यासाठी आपल्याच कॉम्प्युटरला सर्वर करायचं आणि आपणच त्याचं गिऱ्हाईक व्हायचं. आपणच मागायचं, आपणच द्यायचं. घराबाहेर त्यातलं कुणाला काही दिसत नाही, आणि बाहेरच्या कुठल्याही सर्वरशी त्याचं नातं नसतं. हे मी गेल्या काही दिवसांत इतक्या लोकांना समजावून सांगितलं आहे, की तेवढ्या वेळा मी पर्जन्यछायेचा प्रदेशसुद्धा समजावला नसेल. आणि पर्जन्यछाया निदान काही जणांना कळली होती.

सर्वरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते मी उतरवून घेतलं. त्यात एक 'चालू करा' असं बटण असतं. ते दाबलं की हिरवं होतं. माझं हिरवं झालं आणि लगेच लाल झालं. परत दाबलं, परत लाल. खाली इंग्रजीत काहीतरी दमदाटीच्या भाषेत आलं. शेवटी मी हारिसला बोलावलं. हारिसचं तहसील कार्यालयाजवळ ऑनलाइन सेंटर आहे. दाखले, उतारे, विम्याचे अर्ज भरून देतो. माझाच विद्यार्थी. परीक्षेत त्यानं श्रीलंका अरबी समुद्रात काढली होती, पण त्याचा राग मी मनात ठेवलेला नाही.

त्यानं स्क्रीनकडे बघून मान हलवली. "सर, सर्वरला ऐंशी नंबरचं दार लागतंय. तिथं आधीच कोन तरी बसलंय."

मला लगेच कळलं. खिडकीतून रुमाल टाकून एसटीत जागा धरतात, तसला प्रकार. "कोण बसलंय बघ बरं," मी म्हटलं. तर तो निघाला संस्कृतीशी व्हिडिओवर बोलायचा प्रोग्रॅम. म्हणजे जी मुलगी मला जमायचं नाही म्हणाली, तिनंच माझी जागा धरून ठेवली होती.

"उठवू का त्याला?" हारिसनं विचारलं.

"नको, बसू दे. सर्वरला दुसरं दार दे." राग आला होता, पण इतकाही नाही.

हारिसनं दुसरा नंबर दिला. बटण हिरवं झालं आणि हिरवंच राहिलं. मी 'आष्टी तालुक्याचा भूगोल' असं लिहून ठेवलेलं पान उघडलं, आणि ते खऱ्या वेबसाइटीसारखं समोर आलं. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. मी ओरडलोच, "सर्वर चालू आहे!" हारिसनं माझा आणि कॉम्प्युटरचा फोटो काढला आणि 'सरांच्या घरचा सर्वर चालू' असं लिहून व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. त्यात काही वावगं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

आश्रुबा बघायला आले. त्यांनी कॉम्प्युटरला हात लावून पाहिला. "सर, तापलाय. सर्वरला थंडावा लागतो. ब्यांकेत बघा, मानसं घामानं भिजत्यात अन् सर्वर बंद खोलीत एसीत बसतो." आमच्याकडे एसी नाही, कूलर आहे. आश्रुबांनी स्वतःच्या हातानं तो ओढत आणून कॉम्प्युटरसमोर लावला. त्यामुळे कॉम्प्युटर थंड झाला आणि बारीक तुषारांनी माझा हातानं काढलेला नकाशा ओला झाला. बालाघाटचा डोंगर पसरत पसरत पार सीनेच्या खोऱ्यात उतरला. तो मला परत काढावा लागला.

त्यात आमच्या सौभाग्यवती विजयमालाबाईंनी नारळाचा मुद्दा काढला. घरात नवी वस्तू आली आणि नारळ नाही, असं कधी झालंय का? मी म्हटलं, सर्वर ही वस्तू नाही, प्रोग्रॅम आहे. ती म्हणाली, "मग प्रोग्रॅमपुढं फोडा." नारळ उंबऱ्यावर फोडायचं ठरलं होतं. आश्रुबांनी उत्साहाच्या भरात तो कॉम्प्युटरच्या टेबलाच्या कोपऱ्यावर फोडला. पाणी सरळ खालच्या एक्स्टेन्शन बोर्डात गेलं. फट् असा आवाज आला आणि घर अंधारलं.

आश्रुबा हातात दोन भकलं घेऊन शांतपणे म्हणाले, "बंद पडला. म्हंजे खरा सर्वर हाय."

बोर्ड बदलला, कॉम्प्युटर वाचला. आणि मला घाई करणं भाग पडलं, कारण त्याच आठवड्यात संस्कृतीच्या होणाऱ्या सासरची मंडळी घरी येणार होती. मुलगा तिच्याच ऑफिसातला, माणसं अंबाजोगाईची. मुलांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आता मोठ्यांनी एकमेकांना पसंत करायचं बाकी होतं. मुलाचे वडील हनुमंतराव कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. मी शाळेतला मास्तर. मास्तरला प्राचार्यापुढे बसताना काय वाटतं, ते मास्तरांनाच ठाऊक. मी मनाशी पक्कं केलं, की रविवारी त्यांच्यासमोर, आणि मुख्य म्हणजे संस्कृतीसमोर, ती वेबसाइट चालवून दाखवायची. काय जमतं आणि काय जमत नाही, ते बघू दे तिला.

विजयमालेनं त्याआधीच फोनवर होणाऱ्या विहीणबाईंना, मोहिनीताईंना, सांगून टाकलं होतं, "आमच्या यांनी घरीच सर्वर बसवलाय." पलीकडून मोहिनीताई म्हणाल्या, "अगंबाई! घरी?" विजयमालेला वाटलं त्या प्रभावित झाल्या. त्या झाल्याच होत्या, पण कशानं ते आम्हाला कळायला रविवार उजाडावा लागला.

इकडे हारिसच्या सेंटरवर रोजच्यासारखी गर्दी होती आणि सरकारी सर्वर रोजच्यासारखा बंद होता. आपल्याकडे माणूस एकवेळ पावसाची वाट बघणं सोडेल, पण सर्वरची सोडत नाही. उतारा निघत नाही, कारण सर्वर डाऊन. विमा भरला जात नाही, कारण सर्वर डाऊन. गर्दी फारच अंगावर आली तेव्हा हारिस गमतीनं बोलून गेला, "माझा बंद हाय. सरांच्या घरचा चालू हाय, तिकडं जा." पोरगं पहिल्यापासून वात्रट. लोकांनी मात्र स्टेटस पाहिलेलं होतं.

पहिल्या आल्या मुक्ताबाई, गल्लीच्या टोकाला राहतात त्या. मी तेव्हा माऊस पुसून उताणा ठेवला होता आणि चष्मा पुसत होतो.

"गुर्जी, सर्वर हितंच हाय न्हवं?"

"आहे. पण तो..."

"रेशनवाला म्हनतो अंगठा उमटत न्हाई. मी म्हनलं, का? तर म्हनतो सर्वर घेत न्हाई. मग म्हनलं आपन सर्वरकडंच जावं. मधी मानूस कशाला?"

यातली तर्कशुद्धता मला खोडता येईना. मी शब्द जुळवेपर्यंत मुक्ताबाईंनी अंगठा पदराला पुसला आणि उताण्या माऊसच्या तांबड्या उजेडावर टेकवला. रेशनच्या मशीनलाही तसलाच तांबडा उजेड असतो. डोळे मिटून त्या थांबल्या. "घेतला का?"

हा माऊस आहे, असं मी सांगायला हवं होतं. पण त्यांचा अंगठा मला दिसत होता. वर्षानुवर्षं ऊसतोडीला जाऊन त्यावरच्या रेषा घासून गेल्या होत्या. मशीन तरी काय वाचणार? मला फार वाईट वाटलं आणि तोंडातून निघून गेलं, "घेतला असावा."

त्या 'असावा'नं माझा घात केला. दुसऱ्या दिवशी रेशनच्या मशीननं मुक्ताबाईंचा अंगठा खरोखरच घेतला. तो का घेतला ते मशीनलाच माहीत. दुकानदारानं मशीनची काच पुसली असेल, नाहीतर मुक्ताबाईंनी पदराला अंगठा पहिल्यांदाच नीट पुसला असेल. पण त्या गहू घेऊन दुकानातून थेट माझ्याकडे आल्या, तुरीच्या शेंगांचा वानोळा ठेवला आणि ओट्यावरूनच गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गुर्जींच्या सर्वरनं पास केलं!"

मग काय विचारता. सकाळी दार उघडलं की ओट्यावर माणसं. कुणाच्या हातात उतारा, कुणाकडे आधार कार्ड, कुणी नुसतेच अंगठा घेऊन आलेले. मी प्रत्येकाला लोकल सर्वर म्हणजे काय ते सांगायचो. ते शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "बरं, मग आमचं कवा व्हईल?" एक गृहस्थ तर खास कडा गावाहून आले होते. त्यांना मी वेबसाइट उघडून दाखवली, पर्जन्यछायेचं पान वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचू दिलं. मग म्हणाले, "ह्यात माझा गट नंबर कुटं हाय?"

आश्रुबांना या सगळ्यात तरुणपण परत आलं. ते सकाळीच आंघोळ करून हजर व्हायचे आणि ओट्याच्या पायरीवर उभे राहून ओरडायचे, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय! अंगठेवाले डावीकडं, कागदवाले उजवीकडं!" मी त्यांना आत ओढून म्हटलं, "आश्रुबा, अहो आपल्याकडं काहीच नाहीये." ते म्हणाले, "ते मला म्हाईत हाय. पर मानसं आलीच हायत तर वळीनं तरी बसू द्या." विजयमाला चहा करून करून कावली. साखर संपली की ती सर्वरचा उद्धार करायची.

चहाचं एकवेळ सोडा. खरा अपमान पुढे होता. सरकारी सर्वर बंद पडला की लोक आता माझ्याकडे जाब विचारायला येऊ लागले. मी दुपारी जेवून आडवा झालो होतो तर खिडकीतून कुणी तरी म्हणालं, "गुर्जी, तुमी झोपला की सर्वर बंद कावून करता? आमी सकाळधरनं लायनीत हाव." आयुष्यभर तासाला कधी उशिरा गेलो नाही, आणि आता माझ्या दुपारच्या झोपेमुळे तालुक्याचा कारभार ठप्प होतो असं ऐकायची वेळ आली.

मी तडक सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीत बसलेल्या बाबूंना म्हटलं, "माझ्या घरी सरकारी सर्वर नाही, असा एक खुलासा इथं फळ्यावर लावा."

त्यांनी मान वर न करता विचारलं, "अर्ज आणलाय?"

"हा काय."

"कागदावर चालत नाही. ऑनलाइन करा."

"कधी करू?"

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. जिभेनं किंचित 'च्च' असा आवाज केला. आणि चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाले, "आज सर्वर डाऊन आहे. सोमवारी बघू."

माझ्या मागे रांग होती. मला वाटलं आता हे लोक खवळतील. एकही माणूस खवळला नाही. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या, कागदांच्या घड्या घातल्या आणि बाहेर जाऊन चहा पिऊ लागले. एक जण जाताना बाबूंना नमस्कारही करून गेला. मी वर्गात आरडाओरडा करून जे साधलं नाही, ते त्या माणसानं बसल्या जागी साधलं. मला त्याचा राग आला आणि थोडा हेवाही वाटला.

घरी येऊन मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात 'येथे सरकारी सर्वर नाही' असं लिहून दाराला अडकवलं. आश्रुबा वाचून म्हणाले, "सर, घाण केली तुमी."

"का?"

"सरकारी न्हाई म्हंजे प्रायव्हेट झाला. प्रायव्हेटमधी काम लौकर होतंय."

त्यांचं खरं निघालं. गर्दी वाढली.

रविवार उजाडला. संस्कृती आदल्याच संध्याकाळी आली होती. घरातला प्रकार कळल्यावर ती डोक्याला हात लावून बसली. "बाबा, मी म्हटलं होतं ना," एवढंच म्हणाली. पुढचं म्हणाली नाही, ते जास्त लागलं. वेबसाइटीकडे तर तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. निदान आजचा एक दिवस कुणी येऊ देऊ नका, अशी मी आश्रुबांना हात जोडून विनंती केली. त्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

पाहुण्यांची गाडी आली तेव्हा ओटा भरलेला होता. आश्रुबांनी शब्द पाळण्यासाठी सगळ्यांना सांगितलं होतं, की आज काम होणार नाही, कारण वरचे साहेब तपासणीला येणार आहेत. त्यामुळे साहेब बघायला जास्तच लोक आले. हनुमंतराव जॅकेट घालून गाडीतून उतरले तसे सगळे उठून उभे राहिले. मुक्ताबाईंनी पुढे होऊन सांगितलं, "सायेब, गुर्जींचा सर्वर लई चांगला हाय. अंगठा लगीच घेतो. बंद करू नगा."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी पाहुण्यांना कसंबसं आत आणलं. हनुमंतराव ओट्याकडे वळून वळून बघत होते. मोहिनीताईंनी त्यांच्याकडे, 'मी काय सांगत होते' अशा नजरेनं पाहिलं.

चहा झाला, घर बघून झालं. बायका स्वयंपाकघरात गेल्या. मग मी हनुमंतरावांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि वेबसाइट उघडली. ती उघडली. आजवर कधी इतकी झटकन उघडली नव्हती. मी सीना दाखवली, मेहकरी दाखवली, नव्यानं काढलेला बालाघाट दाखवला. हनुमंतराव "वा, छान" म्हणत होते, पण त्यांची नजर सारखी दाराकडे जात होती. आसपास कुणी नाही असं बघून ते खुर्ची जवळ सरकवून हळू आवाजात म्हणाले,

"अंगदराव, आता आपण घरचेच झालो म्हणून विचारतो."

"विचारा ना."

त्यांनी जॅकेटच्या आतल्या खिशातून नीट घडी घातलेला कागद काढला. "वडिलांच्या जमिनीचा फेरफार अडकलाय. कधीही जा, सर्वर डाऊन. मला कळतं, हा तुमचा लोकल आहे. पण लोकल असला तरी आतून सगळे एकमेकांना जोडलेलेच असतात ना? तेवढं जरा बघता का?"

लोकल सर्वर म्हणजे काय, ते सांगायला माझी जीभ आता सरावलेली होती. पण सांगितलं असतं तर हे निवृत्त प्राचार्य आपल्या होणाऱ्या सुनेच्या घरात, ओट्यावरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाइतकेच अडाणी ठरले असते. कागद ठेवून घेतला असता तर मी जन्मभराचा लबाड ठरलो असतो, तोही व्याह्यांच्या नजरेत. तेवढ्यात दारात संस्कृती पोह्यांच्या बशा घेऊन उभी दिसली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचं लग्न त्या क्षणी माझ्या जिभेवर येऊन थांबलं होतं.

आणि मला खिडकीतले ते बाबू आठवले.

मी स्क्रीनकडे पाहिलं. कोपऱ्यात बटण हिरवंगार होतं. मी माऊस थोडा हलवला. जिभेनं किंचित 'च्च' केलं. आणि चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणालो,

"आज सर्वर डाऊन आहे. सोमवारी बघू."

हनुमंतरावांचा चेहरा एकदम सैल झाला. "हो का? वाटलंच मला," ते म्हणाले. समजूतदारपणे मान डोलावून त्यांनी कागदाची घडी घातली आणि परत खिशात ठेवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरात पाऊल टाकल्यापासून त्यांनी माझ्याकडे एवढ्या आदरानं पाहिलं नव्हतं. "एवढा व्याप घरच्या घरी सांभाळता. कमाल आहे तुमची," ते म्हणाले, आणि आत आवाज देऊन मोहिनीताईंना बोलावलं. साखरपुडा अंबाजोगाईला करायचं लगेच तिथंच ठरलं.

पाहुणे बाहेर पडताना ओट्यावरच्या लोकांनी त्यांना वाट करून दिली. आश्रुबांनी "पुढं सरका" म्हटलं. मी आत येऊन कॉम्प्युटरसमोर बसलो. संस्कृतीही आली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. तिनं सीनेचं पान उघडलं, खालपर्यंत वाचलं, मग मेहकरीचं वाचलं. बालाघाटच्या नकाशावर ती बराच वेळ थांबली. नंतर माझ्याकडे बघून हसली.

"बाबा, जमलं की तुम्हाला."

वेबसाइटबद्दल म्हणाली की त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल, ते मी विचारलं नाही.